कुशीतली चाहूल

दिवसभराची कामं उरकली असतील तर खोलीतला मोठा दिवा मालव आणि डाव्या कुशीवर पड. गुडघ्यांमध्ये एक उशी घे. चादरीची घडी करून पोटाखाली सार, म्हणजे त्याला टेकू मिळेल. मोबाइल हाताला लागणार नाही इतका लांब ठेव. पुढची वीस-पंचवीस मिनिटं तुला कुणाला काही करून दाखवायचं नाही.

श्वास आत घे. सावकाश सोड. आणखी एकदा.

काय काय ऐकू येतंय? पंख्याची घरघर. शेजारच्या कुकरची शिट्टी. जिन्यातून कुणीतरी वर येतंय. दार वाजायच्या आधीच आपल्याला ते कळतं, त्याला आपण चाहूल म्हणतो. आज त्याच कानानं आत ऐकायचं आहे.

पण आधी जे मनात टोचतंय ते बाहेर काढू. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली, सगळं छान आहे असं डॉक्टर म्हणाल्या. रिपोर्टात मात्र एक ओळ होती: प्लासेंटा अँटेरियर. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "बाळ फिरतंय का गं?" जाऊबाई म्हणाल्या, "मला तर अठराव्या आठवड्यातच कळायला लागलं होतं." तू हसून विषय बदललास, आणि रात्री सगळे निजल्यावर पोटावर हात ठेवून कितीतरी वेळ जागी राहिलीस. हाताला काहीच लागलं नाही.

तोच हात आता पुन्हा ठेव. बेंबीच्या जरा खाली, अगदी मधोमध. दाबू नकोस, नुसता असू दे.

या हाताखाली कातडी आहे, त्याखाली स्नायू, मग गर्भाशयाची पुढची भिंत, आणि त्या भिंतीला आतून धरून बसलेली वार. कुणाची वार मागच्या भिंतीला असते, कुणाची वरच्या बाजूला. तुझी पुढे आहे. त्या ओळीचा अर्थ एवढाच, तो काही आजार नव्हे. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर गोष्ट निराळी. ते डॉक्टर वेगळं सांगतात.

दिवस भरेपर्यंत ही वार साधारण २२ सेंटिमीटर रुंद, मधे दोन-अडीच सेंटिमीटर जाड आणि अर्धा किलो वजनाची होते. ताटभर थापलेल्या जाड भाकरीएवढी म्हण ना. थंडीच्या दिवसांत गोधडीत गुरफटून निजलेलं पोर आतून पाय झाडतं, तेव्हा वर हात ठेवणाऱ्याला तो धक्का किती बोथट होऊन पोचतो, आठवून बघ. पोर पाय झाडतच असतं. तुझ्या पोटातलं तर सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हलू लागलं होतं, जेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं.

आणि ही गोधडी शिवली कुणी? मुख्यतः त्यानंच. वार घडते ती बहुतांशी बाळाकडच्या पेशींपासून. हातपाय फुटायच्या आधी त्यानं तुझ्यात मुळं रोवायला घेतली. तुझ्या हाताच्या आणि त्याच्या मधे जे आहे, त्यातूनच त्याला तुझ्या श्वासातला प्राणवायू आणि तुझ्या ताटातला घास मिळतो.

एक श्वास या वारेसाठी घे. सोड.

आता हात मधून काढ. हळूच खाली ने, ओटीपोटात, जांघेच्या जरा वर. थांब. मग एका बाजूला, कमरेच्या घडीपाशी. पुन्हा थांब. मग दुसऱ्या बाजूला. वार जिथे संपते, तिथे गोधडीची कड येते. पुढे वार असलेल्या बायकांना बाळाची पहिली ओळख बहुतेकदा तिथेच पटते: खाली, नाहीतर बाजूला.

या बाजूला आपल्या भाषेत काय म्हणतात? कूस. आणि गर्भाशयालाही कूसच. आपण कुशीवर निजतो, मुलाला कुशीत घेतो, बाळही आत कूस बदलतं. एकाच शब्दात एवढं सगळं मावलंय. तर हात कुशीवरच राहू दे.

लाथेची वाट बघू नकोस. सुरुवातीला लाथ नसतेच. तापत्या दुधावरची साय जेमतेम थरथरावी, तळ्यात मासोळीनं शेपूट फिरवावं, पोटात वाताचा बुडबुडा सरकावा, तसं काहीतरी. दुसऱ्या हातानं आपल्या मनगटाची नाडी धरून बघ. आतला ठोका नाडीच्याच ठेक्यात पडत असेल तर तो तुझाच. ठेका नसलेलं, मधेच येऊन गेलेलं काही जाणवलं, तर ते मनात टिपून ठेव.

काही जाणवलं नाही? तरी चालेल. बाळ आत एका वेळी वीस ते चाळीस मिनिटं झोपतं. शिवाय पहिली चाहूल सोळाव्यापासून चोविसाव्या आठवड्यापर्यंत कधीही लागते. पहिलटकरणीला ती उशिरा लागते, आणि वार पुढे असली तर आणखी थोडी उशिरा. जाऊबाईंचा अठरावा आठवडा जाऊबाईंचा.

मात्र वाट बघायलाही हद्द असते. चोवीस आठवडे झाले आणि एकदाही काही जाणवलं नाही, तर डॉक्टरांना सांग. त्या ठोके ऐकतील. अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत तुला तुझ्या बाळाची तऱ्हा कळू लागलेली असेल: कधी जागं असतं, कुठल्या कुशीला ढुशा देतं, रात्री तू आडवी झालीस की कसं चाळवतं. त्यानंतर ती तऱ्हा बदलली, हालचाल कमी झाली किंवा थांबली, तर "वार पुढे आहे, म्हणून असेल" अशी मनाची समजूत घालू नकोस. गोड खाऊन बघ, गार पाणी पिऊन बघ, सकाळपर्यंत थांब, असं कुणी सांगितलं तरी ऐकू नकोस. घरच्या यंत्रावर ठोके ऐकून निर्धास्तही होऊ नकोस. त्याच घडीला दवाखान्यात फोन कर आणि तपासून घे. शेवटच्या दिवसांत जागा कमी पडते म्हणून बाळ हलायचं थांबतं, हेही खरं नाही. हालचालीची जात बदलते, ढुशीच्या जागी लोळणं येतं, पण ती असते. दहादा जाऊन सगळं ठीक निघालं तरी अकराव्यांदा जायला लाजू नकोस. चाहूल घेणाऱ्यानं दार उघडायलाही उठायचं असतं.

आता पुन्हा श्वासाकडे ये. पंखा फिरतोय. कुकर केव्हाच गार झालाय. जिना शांत आहे.

उठताना घाई करू नकोस. हातावर भार देऊन आधी बस, मग पाय खाली सोड. उद्या याच वेळेला, याच कुशीवर पुन्हा भेटू. सकाळी सासूबाई विचारतीलच, "फिरतंय का गं?" सांग, "कान देऊन आहे."