भिंतीवरील डाग आणि अनामत रक्कम



पाराशा मेत्सोरा आली की आपल्यातील बरेच जण मनातल्या मनात पाने उलटतात. कातडीचे रोग, कपड्यांवरील डाग, कोहेनची तपासणी. हे आता कोणाच्या उपयोगाचे, असे वाटते. पण वाय्यिक्राच्या १४ व्या अध्यायाच्या उत्तरार्धात घराच्या भिंतीवरील डागाचा विषय निघतो आणि तेथे आम्ही दर वर्षी थांबतो. आयुष्याची पुष्कळ वर्षे भाड्याच्या घरांत काढलेल्या माणसाला तो भाग परका वाटत नाही.

भिंतीत हिरवट किंवा तांबूस खळगे दिसू लागले, तर ज्याचे घर आहे त्याने कोहेनकडे जाऊन सांगावे, की घरात आपल्याला डागासारखे काही दिसत आहे. डागच आहे असे म्हणावयाचे नाही, डागासारखे म्हणावयाचे. मिश्नाच्या नेगाईम या भागात तर सांगितले आहे, की तो माणूस मोठा विद्वान असला आणि त्याची पुरती खात्री असली, तरी त्याने निश्चयाचा शब्द तोंडातून काढू नये. निकाल देणारा तो नव्हे. पुढे कोहेन आत शिरण्यापूर्वी घरातील सर्व सामान बाहेर काढावयास लावतो, कारण निकाल झाल्यावर आत जे असेल ते सर्व अशुद्ध ठरेल. तोरेला एवढी कळकळ कोणत्या वस्तूंची, याचा विचार करताना रब्बी मेईर मातीच्या भांड्यांपाशी येऊन पोहोचतात. तांब्यापितळेची भांडी शुद्ध करता येतात; मातीचे मडके फोडावेच लागते. म्हणजे घरातील सर्वांत स्वस्त वस्तूही विनाकारण जाऊ नये म्हणून ही सारी खटपट!

आता मनामातील घराकडे येऊ. बहारीनचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना सांगावयास नको, की तेथे एसी महिनोन् महिने रात्रंदिवस चालतो. हवा दमट आणि जमिनीत मिठाचा अंश. एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी धुळीने तुंबली, की पाणी भिंतीत किंवा छताच्या फळ्यांवर मुरते. गिलाव्याला पोपडे येतात, काळपट वर्तुळ उमटते. समजा, एक कुटुंब तीन वर्षे राहून घर सोडत आहे. किल्ल्या देण्याच्या दिवशी मालकाचा माणूस येतो आणि तीन गोष्टी दाखवितो: झोपण्याच्या खोलीच्या छतावर डाग, बाथरूममधील बेसिनला बारीक तडा, आणि घरासोबत मिळालेल्या फ्रीजचे दार नीट लागत नाही. हे कसे झाले? नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात. त्यांना खरोखरच माहीत नाही. नोकरी संपली आहे, व्हिसाची मुदत संपत आली आहे, विमानाची तिकिटे काढलेली आहेत. अनामत रक्कम, साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी, मालकाच्या हाती आहे. तो म्हणतो, ती आता विसरा.

हलाखा काय म्हणते? शेमोथच्या २२ व्या अध्यायात दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्यांचे नियम आहेत. आपल्या आचार्यांनी त्यांचे चार प्रकार केले: फुकट सांभाळणारा, मोबदला घेऊन सांभाळणारा, उसनी नेणारा आणि भाड्याने घेणारा. पण बाबा मेत्सियाच्या चौथ्या अध्यायात मिश्ना स्पष्ट सांगते, की जमिनीला हे नियम लागू नाहीत. आणि घर म्हणजे जमीनच. तिथे सांभाळणाऱ्याला शपथ नाही, भरपाईही नाही. म्हणून छतावरील डाग कसा पडला हे भाडेकरूला सांगता आले नाही, एवढ्यावरून त्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत. त्याने स्वतः भिंत फोडली असेल तर गोष्ट निराळी. मग तो नुकसान करणारा ठरतो आणि भरून देतो. निव्वळ हयगय झाली असेल तर? येथे मतभेद आहे. रांबाम त्या हयगयीला नुकसान करण्यासारखेच मानून भरपाई लावतात. रब्बी अव्राहाम बेन दावीद त्यांच्याशी सहमत नाहीत. आमचे मत विचाराल तर, नळी तुंबून पाणी ठिबकताना दिसत असूनही जो महिनाभर खाली बादली ठेवून स्वस्थ बसला, त्याच्या बाबतीत आम्हांला रांबामच बरोबर वाटतात.

फ्रीजचा हिशेब मात्र उलटा आहे. ती उचलून नेता येणारी वस्तू. भाड्याने घेणारा मोबदला घेऊन सांभाळणाऱ्यासारखाच, हे मत मान्य झालेले आहे. चोरी व हरवणे त्याच्या माथी, अनिवार्य अपघात नाही. वस्तूचे काय झाले हे त्याने शपथेवर सांगावयाचे असते, आणि ज्याला शपथ घेणे भाग आहे पण माहिती नसल्यामुळे घेता येत नाही, त्याने भरून द्यावयाचे असते. म्हणजे 'माहीत नाही' हे एकच उत्तर छताखाली भाडेकरूला सोडविते आणि फ्रीजपाशी अडकविते. मात्र रोजच्या वापराने झालेली झीज यातून वगळली आहे. भाड्याने घेतलेला बैल नेहमीच्या कामात असता मेला तर घेणारा जबाबदार नाही, मग पाच वर्षांच्या फ्रीजचे रबर सैल झाले तर काय मोठे? बेसिन भिंतीला कायमचे जडविलेले, म्हणून त्याची गणना घराबरोबर.

परंतु हे सर्व, करारात काही वेगळे लिहिलेले नसेल तर. पैशाच्या व्यवहारात दोघांनी मान्य केलेली अट बंधनकारक असते. शिवाय श्मुएलचा नियम आहेच, की राज्याचा कायदा हा कायदा. बहारीनमध्ये भाड्याच्या घरांसाठी २०१४ चा कायदा क्रमांक २७ आहे, आणि तंट्यांसाठी भाडेविषयक समिती आहे. घरमालक बहुधा आपल्या धर्माचा नसतो, तेव्हा तोच मार्ग. दोन्ही पक्ष यहुदी असतील तर २०२१ पासून आखाती देशांसाठी बेथ दिन ऑफ अरेबियाही आहे. सही करण्यापूर्वी करार वाचावा, हे शाळेतील मुलांना सांगावे तसे आम्ही पुन्हा सांगतो, कारण कितीतरी शिकलेली माणसे वाचत नाहीत.

खरी अडचण अनामत रकमेत आहे. दुसऱ्याकडून जो पैसा मागतो त्याने पुरावा द्यावा, हा तालमूदचा मोठा नियम. 'तूच केले असशील' हा पुरावा नव्हे, ती शंका झाली. पण पैसा आधीच मालकाच्या खिशात असला, की मागणारा भाडेकरू होतो, पुरावा त्याला शोधावा लागतो, आणि तोही विमानाच्या वेळेआधी. तपासणारा, निकाल देणारा आणि पैसे ठेवून घेणारा एकच माणूस झाला. कोहेनला त्या डागातून काही मिळत नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे. आमच्या मते तारण म्हणून दिलेला पैसा निकाल लागेपर्यंत देणाऱ्याचाच समजावा, आणि मालकाने डागाचा संबंध भाडेकरूच्या कृतीशी दाखविल्याशिवाय त्याला हात लावू नये.

हे वाचून मनामातील भाडेकरू खूष होतील. पण आपल्यातील कित्येकांची घरे ठाण्यात आहेत, अश्दोदमध्ये आहेत, आणि ती भाड्याने दिलेली आहेत. तोच माणूस मनामात म्हणतो, ओल घराचीच होती. आणि ठाण्याला फोन करून म्हणतो, पोरांनी भिंत खराब केली, डिपॉझिटमधून कापा. दोन्हीकडे एकच माप लावले पाहिजे. आणि भाडेकरू असताना आपल्या हातून काही फुटल्याचे माहीत असेल, तर कोणी पाहिले नसले तरी सांगितले पाहिजे. शिमोन बेन शेताहच्या शिष्यांनी एका अरबाकडून गाढव विकत घेतले आणि त्याच्यावर रत्न सापडले. गुरूने ते परत करावयास लावले, कारण त्याने गाढव विकले होते, रत्न नव्हे. त्या अरबाने शिमोनच्या देवाचे नाव घेऊन त्याला धन्य म्हटले.

मालकांसाठी बाबा मेत्सियातील दुसरी हकीकत आहे. राब्बा बार बार हानानचे द्राक्षारसाचे पिंप हमालांच्या हातून फुटले. त्याने भरपाईसाठी त्यांची वस्त्रे काढून घेतली. ते रावकडे गेले. रावने वस्त्रे परत देण्यास सांगितले. हा कायदा का, असे त्याने विचारले. राव होय म्हणाले आणि चांगल्यांच्या वाटेने चालण्याविषयीच्या मिश्लेतील वचनाचा आधार दिला. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, उपाशी आहोत. रावने मजुरीही देण्यास सांगितले. येथे पिंप फुटलेले उघड होते, कोणाच्या हातून तेही उघड होते. मग जेथे कोणाच्या हातून हेच माहीत नाही, तेथे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आवरून निघालेल्या कुटुंबाचे पैसे कोणत्या तोंडाने ठेवून घ्यावे?

वरच्या मजल्यावरील एसीचे पाणी खाली ठिबकते, तेव्हा तर मालक, खालचा भाडेकरू आणि वरचा भाडेकरू तिघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. नेगाईममध्ये दोन घरांच्या सामाईक भिंतीचे उदाहरण आहे: दगड दोघांनी काढावयाचे, खरवडावयाचे दोघांनी, नवे दगडही दोघांनी आणावयाचे, फक्त गिलाव्याची माती ज्याच्या घरात डाग निघाला त्याने एकट्याने आणावयाची. तो नियम डागाच्या विधीचा आहे, पैशाच्या तंट्याचा नाही, हे आम्ही जाणतो. तरी आपसांत तडजोड करणाऱ्यांना त्यातून वाटणीचा एक नमुना मिळतो.

कोहेन एकदा पाहून निकाल देत नसे. तो घर सात दिवस बंद ठेवी आणि पुन्हा येऊन पाही. बहारीन सोडणाऱ्यांनी तेवढे तरी उचलावे. जाण्याच्या आठवडाभर आधी मालकाला बोलवावे, दिवे आणि नळ चालू असताना सर्व खोल्या दाखवाव्या, जे दिसेल ते तारखेसह कागदावर लिहून दोघांनी सही करावी, आणि किल्ल्या देताना तोच कागद हातात धरून पुन्हा फिरावे. घर घेताना लिहिलेला असा कागद जवळ असेल तर अर्धा वाद तेथेच मिटतो. कागदावर 'भाडेकरूने खराब केले' असे लिहू देऊ नये; 'छतावर डाग दिसतो' एवढेच लिहावे.