तणसावरचा नाताळ

मोहाडीकडे डिसेंबर म्हणजे धानाच्या हिशेबाचा महिना. कापणी उरकलेली असते, बांध्यांमध्ये पुंजणे उभे असतात, कुठे मळणी चालू असते, आणि धान निघाल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर लाखोळी हिरवी दिसू लागते. मंडई आणि रात्रभराच्या नाटकांचा हंगामही साधारण तोच. त्यामुळे सकाळी बालवर्गात येणाऱ्या मुलांपैकी दोनचार तरी पेंगत असतात. कानाला मफलर आणि खिशात घरून आणलेला मुरमुरा असतो. अशा दिवसांत एका ख्रिस्ती संस्थेच्या बालवर्गात मी काही वर्षं नाताळ पाहिला, बाई म्हणून तो मुलांकडून करवूनही घेतला. मी स्वतः ख्रिस्ती नाही. वर्गातली बहुतेक मुलंही नव्हती. आमच्या भागात कुठल्याही खासगी बालवर्गाला ‘कॉन्व्हेंट’च म्हणतात, मग तो चालवणारा कोणीही असो. तेव्हा मुलाला तिथे घालताना धर्माचा विचार फार थोड्या घरांत झालेला असतो. इंग्रजी शब्द कानावर पडावेत, एवढीच अपेक्षा असते.

त्या अपेक्षेपायी पालक पहिल्या महिन्यात विचारतात, ‘मॅडम, एबीसीडी कुठवर आली?’ खरं उत्तर दिलं तर त्यांची निराशा होईल, म्हणून मी ते कधी पूर्ण दिलं नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत मूल शिकतं ते म्हणजे चपला जोडीने काढून ठेवणं, डब्याचं घट्ट झाकण आपल्या हाताने उघडणं, शेजाऱ्याचा खडू हिसकावून न घेता मागणं, आणि सर्वांत अवघड म्हणजे आपली पाळी येईस्तोवर थांबणं. घसरगुंडीच्या पायऱ्यांवर पुढच्याला न ढकलता उभं राहणाऱ्या मुलाने केवढी मजल मारलेली असते, हे घरी कोणाला दिसत नाही, कारण त्याची वही भरत नाही. डबा उघडण्याआधी आमच्याकडे एक छोटी प्रार्थना होत असे. अन्नासाठी आणि ते रांधणाऱ्यांसाठी धन्यवाद, एवढाच तिचा आशय. मुलं डोळे मिटत, पण शेजारच्या डब्यात काय आहे हे पाहायला एक डोळा उघडा ठेवत. मी ते चालू दिलं. थांबण्याचा सराव होत होता, तेवढं पुरे होतं.

या लहानशा वर्गामागचा इतिहास मला पुढे वाचनातून कळला आणि तो बराच गमतीचा निघाला. फ्रीड्रिख फ्रोबेल हा जर्मन शिक्षक एका पाद्र्याचा मुलगा. त्याने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी खेळातून शिकण्याची जागा उघडली. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी आणि बागकाम असा तिथला क्रम होता. पुढे १८४० मध्ये त्याने तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. आणि ज्या प्रशियात चर्चचा शब्द चाले, तिथल्याच सरकारने १८५१ मध्ये नास्तिकपणा पसरवल्याच्या संशयावरून या शाळांवर बंदी घातली. ती उठेपर्यंत फ्रोबेल हयात नव्हता. मुलांना ठोकळे दिल्याने धर्म बुडतो, अशी भीती तेव्हा ख्रिस्ती राज्यकर्त्यांनाही वाटली होती.

मराठी मुलखात ही पद्धत आणण्याची खटपट सुरुवातीच्या काळात ज्यांनी केली, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे राहून किंडरगार्टनची पद्धत रीतसर शिकल्या. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. रमाबाईंचं नाव आपण विधवांच्या प्रश्नाशी जोडतो, ते बरोबरच आहे. पण ठोकळे आणि चेंडू घेऊन बसलेली, लहान मुलांना कसं शिकवावं याचा अभ्यास करणारी ही बाई आपल्या नजरेसमोर सहसा येत नाही.

आमचा नाताळ एक डिसेंबरला सुरू होई, तोही चिंचोक्यांपासून. एका वाटीत पंचवीस चिंचोके मोजून ठेवायचे आणि रोज सकाळी एकाने त्यातला एक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. चर्चमध्ये नाताळाआधीचे चार रविवार वाट पाहण्याचे मानतात, आगमनकाळ म्हणतात त्याला. चार वर्षांच्या मुलाला रविवार कळत नाही, ‘पुढच्या आठवड्यात’ तर मुळीच नाही. वाटी रिकामी होताना मात्र दिसते. मधल्या सुट्टीच्या दिवसांचे चिंचोके सोमवारी एकदम काढावे लागत, तेव्हा ‘काल कोणी नाही टाकला?’ असा गंभीर प्रश्न येई आणि त्या निमित्ताने रविवारही थोडा समजे. वजाबाकी हा शब्द न उच्चारता वजाबाकी होऊन जाई. महिन्याच्या मध्यावर एकदा एका मुलीने घाई म्हणून मूठभर चिंचोके दुसऱ्या वाटीत ओतले. इतरांनी तिला सांगितलं की असं केल्याने नाताळ लवकर येत नाही. हे मी शिकवलेलं नव्हतं.

मग गव्हाणीची तयारी. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी चाऱ्याने भरलेली गव्हाण आणि खरे बैल, गाढव आणून नाताळचा देखावा मांडला, तेव्हापासून ही प्रथा पसरली असं सांगतात. बाजारात आता तयार प्लास्टिकचे देखावे मिळतात. आम्हाला त्यांची गरज पडली नाही. ‘उद्या थोडं तणस आणा’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी वर्गात पाय ठेवायला जागा नसे. कोणाचे बाबा सायकलला भारा बांधून आणून टाकत. धानाच्या जिल्ह्यात तणस मागणं म्हणजे समुद्रकाठी वाळू मागण्यासारखं. आंधळगावसारख्या गावांत अजून कोशाचं विणकाम होतं. विणकराच्या घरातलं एखादं मूल वर्गात असलं तर उरलेल्या धाग्यांची गुंडी येई आणि तिच्यातून चांदणीला लटकवायला दोरी मिळे. गुरं मातीची. पोळा होऊन तीनेक महिने झालेले असत, त्यामुळे बैल करण्यात मुलांचा हात बसलेला असे. गाढव मात्र कोणालाच नीट जमत नसे. बैलाची शिंगं काढून कान लांब केले की झालं गाढव.

गोष्ट सांगताना खरी गंमत होई. प्रवासात असलेल्या जोडप्याला कुठे जागा मिळाली नाही, बाळ जन्मलं आणि आईने ते गव्हाणीत ठेवलं, एवढं लूकच्या शुभवर्तमानातलं कथानक. शहरातल्या मुलाला इथे ‘गव्हाण म्हणजे काय?’ हे समजावून सांगावं लागतं. आमच्या मुलांना गव्हाण, कोठा, व्यालेली गाय, रात्रीची राखण सगळं घरचंच. त्यामुळे त्यांच्या शंका निराळ्या. ‘कोठ्यात डास चावतीन ना?’ एकाने विचारलं. दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं, ‘धूर करा लागते.’ तिसरीला काळजी होती की गायीने चारा समजून तणस ओढलं तर बाळ खाली पडेल. तिच्या आग्रहावरून आमच्या देखाव्यातली मातीची गाय दोन हात लांब बांधली गेली. कथेवर केलेली इतकी बारकाईची टीका मी मोठ्यांच्या व्याख्यानांतही फारशी ऐकलेली नाही. बायबलच्या मूळ कथेत गाय किंवा गाढव यांचा उल्लेखच नाही, ते पुढच्या परंपरेतून आले. पण हे मुलांना सांगण्याचं काही कारण नव्हतं. गव्हाण आहे म्हणजे गाय असणारच, हा त्यांचा तर्क त्या परंपरेच्या तर्कापेक्षा वेगळा नव्हता.

ज्ञानी लोकांचा प्रश्न दरवर्षी उभा राही. चित्रांत ते तीनच असतात आणि मुकुट मात्र वर्गात सगळ्यांनाच हवा. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या या लोकांची संख्या कुठेच दिलेली नाही. भेटी तीन होत्या, म्हणून माणसं तीन असा हिशेब नंतर झाला. हे वाचल्यावर मी मोकळी झाले. एका वर्षी आमच्याकडे सात ज्ञानी आले. त्यांतल्या एकाने सोनं, ऊद आणि गंधरस सोडून बाळासाठी घोंगडी आणली, कारण बाहेर थंडी होती. ती शेवटपर्यंत त्याने अंगावरच घेतलेली होती, ही गोष्ट वेगळी.

पालकांची धाकधूक मी पाहिली आहे. ती दडपून ठेवण्यात अर्थ नाही. ‘येशूची गाणी शिकवता, मग पुढे काय?’ हा प्रश्न फाटकाशी, हळू आवाजात विचारला जातो. या प्रश्नाचीही आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. शारदा सदनात रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली आपण होऊन येऊन बसत. त्यावरून वाद पेटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. उघडं दार म्हणजे मोकळीक की ओढ, यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसं होती. स्वतंत्र भारताच्या संविधानाने यावर स्पष्ट नियम घातला. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढून चालवण्याचा हक्क दिला. कलम २८ ने सांगितलं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागेल.

नियम चांगला आहे, पण चार वर्षांच्या मुलापुढे तो अर्धाच पडतो. त्या वयात गोष्ट, गाणं आणि उपासना यांच्यामधली भिंत मुलाला दिसत नाही. बाई जे प्रेमाने सांगते ते त्याला खरं वाटतं. म्हणून ती भिंत बाईनेच आपल्या मनात पक्की बांधावी लागते. मी एवढंच पाळलं की गोष्ट मन लावून सांगायची आणि ‘तू कोणाला मानतोस?’ हा प्रश्न मुलाला कधी विचारायचा नाही. मोहाडीत चौंडेश्वरीची जत्रा भरते, त्या दिवसांत मुलं देवीच्या पाळण्याच्या, फुग्यांच्या, गर्दीत हरवल्याच्या गोष्टी वर्गात घेऊन येत. त्यांनाही तेवढाच वेळ द्यायचा. ख्रिस्ती संचालकांनी याला कधी हरकत घेतली नाही, हेही नोंदवलं पाहिजे. आपल्या सणाला वर्गात जागा मिळते हे पाहिलं की पालकांचीही निम्मी धाकधूक जाते. उरलेली निम्मी जावी असा माझा आग्रह नाही. आपल्या मुलाला कोण काय सांगतं याकडे पालकाने लक्ष ठेवावंच.

माझी तक्रार धर्माबद्दल नाहीच, ती स्टेजबद्दल आहे. सुट्टी लागण्याआधीचा तो एक कार्यक्रम तीन आठवड्यांचं शिकणं गिळून टाकतो. वीस तारखेच्या आसपास अनेक बालवर्गांत शिकवणं बंद होऊन तालीम सुरू होते. ‘हात वर, कंबर हलव, पुढे बघ’, आणि न जमणाऱ्या मुलाला मागच्या रांगेत झाड म्हणून उभं करायचं. सांताक्लॉजचा लाल झगा भाड्याने आणावा लागतो, तो सिंथेटिक कापडाचा असतो आणि दाढीने मुलाला खाज सुटते. ज्याच्या नावावरून सांताक्लॉज आला तो संत निकोलस चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याला हा झगा पाहून नवलच वाटलं असतं. झाडावर कापसाचा बर्फ पसरतात. आमच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो लग्नातल्या थंड पाण्याच्या पिंपात. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी चांदण्या त्याच्याच कापलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि मजुरी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या आईला एका दिवसाच्या झग्यासाठी पैसे मोजावे लागतात. ज्या गोष्टीत बाळाला अंथरायला चारा मिळाला, ती सांगायला एवढा खर्च का?

ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी माँटेसरीची महागडी साधनं इथल्या मुलांसाठी इथल्याच वस्तूंतून घडवली. बोर्डीला १९४५ मध्ये आणि नंतर कोसबाडला ताराबाईंनी अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांत काम केलं, ते बिया, खडे, शिंपले, पानं घेऊन. बालशिक्षणाचा इतका जवळचा धडा महाराष्ट्रात उपलब्ध असताना नाताळ तरी परदेशी दुकानाच्या काचेतून का आणावा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत म्हणून एकत्र धरला, खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर दिला. आमच्या चिंचोक्यांना आता सरकारी भाषेतही जागा आहे. तरी खासगी बालवर्गांत मुलाची प्रगती गॅदरिंगच्या व्हिडिओवरूनच ठरते.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे एक काम असे. कागदाची चांदणी कापायची, ती ज्याला द्यायची त्याचा विचार मुलाने करायचा, आणि स्वतः नेऊन द्यायची. आईवडील आणि बाई सोडून, एवढीच अट. चांदण्या ऑटोवाल्या काकांकडे गेल्या, वर्ग झाडणाऱ्या मावशींकडे गेल्या, एक फाटकावरच्या कुत्र्याच्या गळ्यात बांधली गेली. तिच्यासाठी मुलाने बराच वेळ कुत्र्याची मनधरणी केली. कात्री धरायला जून महिन्यात ज्याचा अंगठा वळत नव्हता, त्याने चांदणी कापलेली असे. कोणत्याही कार्यक्रमात हे दाखवता येत नाही.

या डिसेंबरात ज्या बालवर्गांत नाताळ होणार आहे, तिथल्या बाईंना आणि व्यवस्थापनाला माझी एक विनंती आहे. गव्हाण मुलांकडून करवून घ्या, मुकुट हवा त्या सगळ्यांना द्या, गाणं एकच पण सगळ्यांच्या तोंडी बसलेलं असू द्या. आणि भाड्याचे कपडे लागणार नाहीत हे पालकांना नोव्हेंबरातच लेखी कळवा. डिसेंबरात सांगितलं तर उशीर होतो, तोवर दुकानात आगाऊ रक्कम भरून झालेली असते.