धूळवाफ

रोहिणी निघाल्या की आमच्या शिवऱ्यात माणसं आभाळाकडं बघायला लागतात. पुणे-सातारा रस्त्यावरून गाड्या पळत असतात, त्यातल्या माणसांना पाऊस म्हणजे रस्ता तुंबला एवढंच. पण रस्त्याच्या खाली, शिवगंगेच्या अंगाला, अजून थोडी खाचरं शिल्लक आहेत. तिथं त्या दिवसांत एक काम चालतं. उन्हाळ्यात राब भाजून जमीन तयार केलेली असते. काळी राख, खाली भुसभुशीत माती. त्या कोरड्या मातीत भाताचं बी टाकायचं आणि वरून फळी फिरवायची. जमिनीत ओल नाही, आभाळात ढग नाही, आणि बी मातीत. याला आमच्याकडं धूळवाफ म्हणतात.

लहानपणी मला हा प्रकार वेडेपणाचा वाटायचा. घरात कणगीच्या तळाला राहिलेलं बी, आणि तेही धुळीत टाकायचं! एकदा मी वडलांना, म्हणजे तात्यांना, विचारलं, "तात्या, पाऊस नाय आला तर?"

"तर मुंग्यांचं साधलं."

"आन् आला तर?"

"तर आपलं. पयल्या पावसाचं पानी बियाला घावलं पायजे. पाऊस आल्यावर पेरायला धावलास तर चार दिस मागं पडलास."

आजी बांधावर बसली होती. ती म्हणाली, "तो येतो. त्याचा येळ त्याला ठावं. आपला येळ आपल्याला ठावं पायजे."

मला काही ते पटलं नव्हतं. मी रोज सकाळी जाऊन बोटानं माती उकरायचो आणि बी फुटलं का बघायचो. तात्यांनी एकदा धरलं आणि कान पिळला. "उकरून बघितल्यालं बी उगवत नाय, लेका." कान दुखला म्हणून वाक्य ध्यानात राहिलं. त्याचा अर्थ कळायला पुढं पुष्कळ वर्षं गेली.

देवावर भरवसा ठेवावा असं सगळेच सांगतात. कीर्तनात सांगतात, लग्नाच्या पंगतीत सांगतात, दवाखान्याच्या पायरीवर सांगतात. पण भरवसा म्हणजे नक्की काय? मागितलेलं मिळेल याची खात्री, की न मिळालं तरी चालत राहण्याची हिंमत? हा प्रश्न मला पोथीत पडला नाही. तो पडला विहिरीवर.

1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. त्या साली बी मातीतच करपलं. जे उगवलं ते पिवळं पडलं. पोटाला रेशनची लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी हाताला चिकटायची आणि घशाला टोचायची. बापये आणि बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मीही आईबरोबर गेलो आहे. त्या दिवसांत घरात पायलीभर भाताचं बी गाडग्यात होतं. तोंड शेणानं लिंपलेलं. एका रात्री धाकटी बहीण भुकेनं रडत होती. आईनं गाडग्याकडं बघितलं आणि आजीनं आईकडं. कुणी काही बोललं नाही. आजीनं आपली अर्धी भाकरी पोरीला दिली आणि पाणी पिऊन झोपली. गाडगं तसंच राहिलं.

आता कुणी म्हणेल, लेकरू रडत असताना बी राखून ठेवणं हा कसला देवभोळेपणा! मला तो देवभोळेपणा वाटत नाही. पुढच्या साली पाऊस येईल असा जिचा भरवसा होता, तिनं त्या भरवशाची किंमत स्वतःच्या भाकरीनं दिली, पोरीच्या नाही. भरवसा खरा की तोंडदेखला, हे तिथंच कळतं. किंमत कोण देतंय ते बघावं.

आजी म्हणायची, "देवानं कामावर लावलं म्हून जगलो." मी शाळेत शिकलेला, मी म्हणायचो, "आजी, काम सरकारनं दिलं." ती म्हणायची, "मंग? सरकारच्या हातात कुनी घातलं?" पुढं वाचनात आलं की मागेल त्याला काम द्यावं हा विचार वि. स. पागे यांनी लावून धरला होता, आणि 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्याचा लहानसा प्रयोग झाला होता. 1972 च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर नेली गेली, 1977 साली तिचा कायदा झाला. म्हणजे आमच्यासारख्यांच्या ताटात भाकरी पडायच्या आधी कुणीतरी सात वर्षं कोरड्यात बी टाकून ठेवलं होतं. आजी आणि मी, दोघंही खरं बोलत होतो.

दुष्काळ सरला आणि तात्यांनी विहीर काढायची ठरवली. पाणाडी बोलावला. तो पायाळू होता. हातावर नारळ ठेवून शेतातून फिरला, आणि खालच्या तुकड्यात नारळ उभा राहिला. तिथं तात्यांनी कुदळ मारली. त्याच पाणाड्यानं शेजारच्या अण्णांनाही जागा दाखवली, आमच्यापासून दोनतीनशे पावलांवर. अण्णा आमच्या भावकीतले नव्हते, पण बांधाला बांध होता. दोघांनी एकाच आठवड्यात नारळ फोडले. सावडीनं काम करायचं ठरलं. एक दिवस आमच्या विहिरीवर, एक दिवस त्यांच्या.

वरचा मुरूम पहिल्या उन्हाळ्यात निघाला. मग काळा खडक लागला. पहारीनं आणि घणानं भोक पाडायचं, दारू ठासायची, सुरुंग उडवायचा, आणि घमेल्यांनी दगड वर काढायचा. दुसरा उन्हाळा त्यातच गेला. आईच्या पाटल्या गेल्या. एक बैल गेला. लोक म्हणायला लागले, खड्डा काढलाय, देव काय त्यात राहायला येणार हाय का? तात्या काही बोलायचे नाहीत. सांजचं विहिरीतून वर आले की अंगाची भुकटी झटकायचे आणि बांधावरच्या म्हसोबाला हात जोडून घरी यायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात, सात परसावर, एका कडेला खडकाला भेग दिसली आणि भेगेच्या तोंडाशी ओल. पाणी नव्हे, नुसती ओल. तळहात लावला तर तळहात थंड व्हायचा, इतकीच. तात्यांनी वरून आजीला हाक मारली. पंच्याहत्तरीची म्हातारी, तिला यारीच्या पाटीत बसवून खाली सोडली. तिनं त्या ओलीला कुंकू लावलं. तिथं पाणी म्हणावं असं काही नव्हतंच. पण तिनं पाणी यायची वाट बघितली नाही. ओलीलाच पाणी मानून ती मोकळी झाली. चार दिवसांनी सुरुंग उडाला तेव्हा त्या भेगेतून करंगळीएवढी धार सुरू झाली. ती धार अजून आहे.

आणि अण्णांच्या विहिरीला पाणी लागलं नाही.

सात परस झाले, आठ झाले, नऊ झाले. खडक कोरडाच. आमच्या विहिरीवर गुलाल पडला त्या दिवशी अण्णांच्या घरात चूल पेटली नाही. अण्णा माळकरी. दर आषाढीला पायी पंढरीला जाणारे. आमच्या तात्यांनी तर पंढरी दोनदा पाहिली असेल. भरवशाचं माप घेतलं असतं तर अण्णांचं पारडं जड झालं असतं. मग पाणी आम्हांला का?

या काळ्या खडकात पाणी भेगांमधून चालतं. जिथं भेग लागली तिथं पाणी, चार हात सरकून खणलं तर कोरडं. एवढंच त्याचं कारण. भेग कुणाच्या गळ्यात माळ आहे का ते बघत नाही. हे कारण मला पुढं कळलं. पण कारण कळलं म्हणून प्रश्न मिटत नाही. ज्याला मिळालं त्यानं "देव पावला" म्हणायचं, तर ज्याला मिळालं नाही त्यानं काय म्हणायचं? आपण पाणी लागलेल्याच्या गोष्टी सांगतो. कोरड्या विहिरी बुजवून टाकतो आणि त्यांची गोष्टही त्यांच्यातच पुरतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या ओट्यावर आले. आजीला म्हणाले, "काकी, माझं काय चुकलं?"

आजीनं त्यांना देवाची परीक्षा, मागल्या जन्मीचं पाप असलं काही सांगितलं नाही. तिनं तात्यांना हाक मारली. म्हणाली, "आरं, ह्यानं दीड वरीस आपल्या हिरीत घाम गाळलाय. देवानं पानी आपल्याला न्हाय दिलं, आपल्या हातात दिलंय. आठवड्यातनं दोन रात्री पाळी ह्याची."

तात्या गप्प बसले. करंगळीएवढी धार. आपलंच भागायचं मुश्कील. डोक्यावर कर्ज. आईचे डोळे भरले होते, ते आनंदानं नव्हे. मी तर उघड बोललो, "आपुन का द्यायचं?" आजी म्हणाली, "मंग देवानं त्याच्याकडं यायचं कुठल्या वाटंनं?"

पाळी सुरू झाली. रात्री उठून बारं धरायला मलाच जावं लागायचं, आणि अण्णांच्या रानात पाणी जाताना बघून मी मनातल्या मनात चरफडायचो. ते आज कबूल करतो. देवावर भरवसा ठेवणं सोपं असतं. आपण कुणाच्यातरी भरवशाची वाट आहोत, हे मानणं अवघड. त्यात झोप मोडते.

तात्यांनी त्या पाण्यावर दोनच हंगाम घेतले. तिसऱ्या साली ते गेले. कर्ज मी फेडलं, इंजिन मी बसवलं, भरलेली विहीर मी बघितली. ज्यांनी खणली त्यांनी ओल बघितली आणि थोडी धार. मला बरीच वर्षं वाटायचं, की हा त्यांच्यावर अन्याय झाला.

मग एकदा गावातल्या पोरांबरोबर रायरेश्वरला गेलो. आमच्याच भोर तालुक्यातला तो डोंगर. वर शंकराचं साधंसं देऊळ. 1645 साली शिवाजी महाराजांनी चार मावळ्यांना घेऊन तिथं स्वराज्याची शपथ घेतली अशी परंपरा आहे. राज्याभिषेक झाला 1674 साली, रायगडावर. मधली वर्षं मोजली तर एकोणतीस भरतात. त्यात 1665 चा पुरंदरचा तहही आहे. एका कागदावर तेवीस किल्ले गेले होते. बाजीप्रभू देशपांडे आमच्या हिरडस मावळचे. ते 1660 साली खिंडीत पडले. मुरारबाजी 1665 साली पुरंदरावर पडले. तानाजी मालुसरे 1670 साली पडले, आमच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या सिंहगडावर. यांपैकी कुणीही तो सिंहासनाचा दिवस पाहिला नाही. मग त्यांचा भरवसा वाया गेला असं म्हणायची कुणाची छाती आहे? देवळाच्या पायरीवर बसून मला तात्या आठवले. हे काम "श्रींची इच्छा" आहे असं मानणारी ती माणसं. पण ते शब्द त्यांनी कामाच्या आरंभी घेतले. आपण घेतो कामाच्या शेवटी, बिघडलं की. आरंभी घेतले तर त्या शब्दांनी पाय उचलतो. शेवटी घेतले की नुसता सुस्कारा निघतो.

आजी शेवटच्या आजारात होती तेव्हा मी तिला विचारलं होतं, "आजी, तू एवढी वाट बघितलीस देवाची. कटाळा नाय आला?" ती हसली. म्हणाली, "आरं, म्या कुठं बघितली? ईटंवर कोन उभाय?" पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, दारात देव आला, आणि यानं वीट सरकवून त्याला थांब म्हटलं. देव थांबला. अजून थांबलेलाच आहे. आम्हा मराठी माणसांचा देवच वाट बघणारा. तो वाट बघतो, कारण आपलं हातातलं काम अजून उरकलेलं नसतं. कुणाची तरी पाळी द्यायची राहिलेली असते.

आता आजी नाही, अण्णाही नाहीत. खालचा तुकडा तेवढा राहिला आहे, बाकीच्या रानांत प्लॉट पडले. अण्णांच्या नातवाला अजून दोन रात्री पाणी जातं. आता वीज रात्रीची येते, तेव्हा दोघंही पोरं मोबाईलच्या उजेडात बारं धरतात. त्यांच्यात कधी वाजतंही. पण पाळी कुणी मोडलेली नाही.

यंदाही रोहिणीत धूळवाफ केली. मृग निघून आठ दिवस झाले, आभाळ नुसतंच भरून येतं आणि उलगडतं. काल सांजचं खाचराच्या कडेला बसलो होतो. हात आपसूक मातीत गेला. एक दाणा वर आला. कोरडा, टणक, होता तसाच. क्षणभर बघितला, परत मातीत ढकलला आणि वरून हात फिरवला. मग उठलो. रात्री अण्णांच्या नातवाची पाळी होती, मोटर चालू करायची होती.