खरड छाटणी

घरात अकाली मृत्यू झाला, कर्जापायी जमीन गेली, धट्टाकट्टा मुलगा अंथरुणाला खिळला, की सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणी ना कुणी म्हणतोच, "देव आपल्या वेलीची छाटणी करतो." संत योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाचा त्याला आधार असतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण ज्याला हे ऐकावे लागते, त्याने या वाक्याचे काय करावे? आपले मूल म्हणजे कुणाच्या तरी भल्यासाठी छाटलेली फांदी होती, असे त्याने मानावे काय? हा प्रश्न एकदा द्राक्षमळ्यात नेऊन विचारला पाहिजे. त्यासाठी पॅलेस्टाइनपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपला सोलापूर जिल्हा पुरेसा आहे.

थंड मुलखातील द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते आणि त्या झोपेतच तिची वर्षातली एकमेव छाटणी उरकते. आपल्या उष्ण, कोरड्या प्रदेशात वेलीला ही झोप लाभत नाही. ती बारमाही हिरवी राहू पाहते. मोकळी सोडली तर पानांचे रान माजते आणि घडांच्या नावाने फारसे काही लागत नाही. म्हणून आपल्याकडे कात्री वर्षातून दोनदा चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी : मागच्या हंगामाची काडी एक-दोन डोळे राखून काढून टाकायची. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी : उन्हाळ्यात पोसलेल्या काडीवर मोजके डोळे ठेवायचे, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ हाती येते. अकलूजच्या परिसरात इटालियन भागीदारांच्या साहाय्याने वाइनच्या द्राक्षांचे मळे उभे राहिले, तेव्हा तस्कनीच्या थंडीत निजणारी सांजोव्हेझे ही जातही सोलापूरच्या मातीत आली. तिलाही दोन कात्र्यांचा हा नियम चुकला नाही.

यातली खरड छाटणी पाहणाऱ्याला क्रूर वाटते. पारा चाळिशी ओलांडून गेलेला, आणि अशा उन्हात वेलीच्या अंगावर सावलीचे एक पान राहू द्यायचे नाही! परंतु पुढच्या वर्षीच्या घडांचा निर्णय याच दिवसांत होतो. नव्या फुटीच्या डोळ्यांत, उघड्या डोळ्यांना न दिसणारे घड या प्रखर प्रकाशातच आकार घेतात. बागायतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात.

प्रवचनकाराला नेमके येथेच थांबण्याचा मोह होतो. दुःखातून फळ येते, असे सांगितले की प्रवचन पुरे झाले. बागायतदाराला मात्र येथे थांबता येत नाही. एप्रिलमध्ये जो कात्री चालवतो, त्याने पावसाळ्यापर्यंत त्या वेलीला पाणी पाजण्याची जबाबदारी त्याच क्षणी पत्करलेली असते. म्हणून कात्रीला हात घालण्यापूर्वी तो विहिरीत डोकावतो. 2012-13 च्या दुष्काळात मराठी मुलखात फळबागा टँकरच्या पाण्यावर जगवल्या गेल्या, आणि त्याच वेळी गावोगावी माणसेही पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट पाहत घागरी मांडून बसली होती. हा स्वतंत्र आणि फार अवघड प्रश्न आहे. त्याला येथे ओझरता स्पर्श करण्यात अर्थ नाही. येथे एवढेच नोंदवायचे, की पाण्याची तजवीज नसताना केलेल्या कापणीला द्राक्षमळ्यात कुणी छाटणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून लांब मण्यांची 'सोनाका' ही जात निवडली. इतरांहून निराळी निघालेली वेल कुणीतरी थांबून पाहावी लागते; डोळे मिटून चालवलेल्या कात्रीला अशी निवड साधत नाही. कोणत्या काडीवर किती डोळे ठेवायचे, हे प्रत्येक वेलीचा जोम पाहून ठरते. सरसकट सर्वांना लागू पडणारे वाक्य मळ्यातही उपयोगी पडत नाही.

आता सांत्वनाकडे वळू. "देव छाटणी करतो" असे म्हणणाऱ्याच्या हाती कात्रीही नसते आणि विहीरही नसते. बागायतदाराचे मन आपल्याला ठाऊक आहे, असे मात्र तो धरून चालतो. शिवाय ज्या वचनाच्या आधारावर तो बोलतो, ते त्याने पुरते वाचलेले नसते. मूळ ग्रीकमध्ये तेथे छाटण्यासाठी 'स्वच्छ करणे' या अर्थाचा शब्द आहे, आणि लगेच पुढच्याच ओवीत प्रभू शिष्यांना सांगतो की, मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आधीच शुद्ध झालेले आहात. वचनामुळे! आजारपण, कर्ज, तरुण मुलाचा मृत्यू यांचे नावही तेथे नाही.

यावर कुणी म्हणेल, की अनेक भाविकांनी स्वतःच्या दुःखाकडे मागे वळून पाहताना हाच शब्द वापरला आहे. खरे आहे. आणि तो त्यांच्या तोंडी शोभतो, कारण त्या एप्रिलचे ऊन त्यांनी सोसलेले असते. शेजाऱ्याने तोच शब्द त्यांच्या वतीने, चौथ्या दिवशी, चहाचा पेला हातात धरून उच्चारावा, हे मला निष्ठुर वाटते.

याहून कठीण आक्षेप वेलीचा आहे. मळ्यात वेल सोसते आणि फळ मालकाच्या घरी जाते. हा व्यवहार न्याय्य कसा? दृष्टान्ताचे रूपक येथे आपल्या मळ्यापासून फारकत घेते. तेथे बागायतदार हा पिता आहे आणि वेल हा त्याचा पुत्र. फांद्यांवर जे जे ओढवते, त्याची कळ त्याच्या स्वतःच्या घरात उमटते. अशा बागायतदाराच्या नावाने बोलायचे, तर आवाज थोडा खाली आणूनच बोलावे लागेल.

दुष्काळाच्या वर्षी विहिरीने तळ गाठला, की जाणता बागायतदार खरड छाटणी लांबवतो. बुंध्याशी उसाचे पाचट पसरतो, ठिबकमधून मिळेल तेवढे पाणी मुळांशी सोडतो आणि जुनी पाने वेलीवर तशीच राहू देतो. उशिरा छाटलेल्या बागेत डोळे ढगाळ हवेत सापडतात आणि पुढच्या हंगामाला घड कमी लागतात. हे त्याला आधीच ठाऊक असते.