स्फोटानंतर उरलं त्यातून

वैशाख लागला की प्राणहिता अंग चोरून वाहते. सिरोंचाच्या काठाखाली वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा आणि दहाच्या सुमारास तिथे या. दिवसभर तापलेली वाळू पाठीला सोसेल इतकी निवली की आडवे व्हा.

त्याआधी एक काम करायचं. बॅटरीच्या उजेडात मूठभर वाळू तळहातावर घ्या आणि बोटाने पसरा. काही कण काळपट असतात. ते बहुतेक वर्धेने आणलेले, पश्चिमेच्या पठारावरच्या काळ्या खडकाचे. काही पांढुरके, काचेसारखे, तर एखाददुसरा गुलाबी. ते वैनगंगेच्या वाटेवरच्या जुन्या खडकांतले. मधूनच अभ्रकाची कपची चमकते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ भेटतात, तिथून पुढे प्राणहिता होते, आणि दोन्हीकडचे कण मिसळून इथवर येतात. पांढऱ्या कणाकडे जरा जास्त वेळ पाहा. तो सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा बनला आहे. ही दोन्ही द्रव्यं सूर्य जन्माला येण्याआधीच्या मोठ्या ताऱ्यांच्या पोटात शिजली आणि ते तारे फुटले तेव्हा बाहेर फेकली गेली. हातातला कण त्या मोडतोडीतूनच आला आहे.

आता बॅटरी विझवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. तोवर काहीही शोधू नका. श्वास आपला आपण चालू द्या.

या काठाचं ग्रहांशी जुनं नातं आहे. एप्रिल २०२२ मध्ये, १३ ते २४ तारखेपर्यंत, इथे प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचा मेळा, भरला होता. गुरू मीन राशीत आला की प्राणहितेचा पुष्कर, आणि तोच गुरू सिंहेत आला की वरच्या अंगाला गोदावरीवर नाशिकचा सिंहस्थ. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून नदीची पाळी बारा वर्षांनी येते. इतक्या माणसांनी भरवसा ठेवावा अशी ही फेरी आहे. ती मनात धरा. ग्रह म्हणजे वेळेवर परत येणारी गोष्ट, हे इथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

अशी नियमित फिरणारी वस्तू तयार कशी होते? वायू आणि धूळ यांचा प्रचंड ढग स्वतःच्या वजनाने आत कोसळतो. मधोमध तारा पेटतो. उरलेलं द्रव्य त्याच्याभोवती चपटी तबकडी होऊन फिरत राहतं. धुळीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे खडे होतात. पुढे खड्यांचे थवे दाटून डोंगराएवढे गोळे बनतात. हे गोळे एकमेकांवर आदळून, एकमेकांना गिळून ग्रह घडवतात. गुरूला घाई करावी लागली, कारण तबकडीतला वायू काही दशलक्ष वर्षांत उडून जातो. पृथ्वीने त्याहून बराच जास्त वेळ घेतला. ही गोष्ट आपण नेहमी एका शांत, पिवळ्या, पोसणाऱ्या ताऱ्याभोवती कल्पितो. आज तो तारा बाजूला ठेवून पाहायचं आहे.

आता वर पाहा. जवळजवळ डोक्यावर, किंचित पूर्वेला, नारिंगी झाक असलेला तेजस्वी तारा म्हणजे स्वाती. तासाभरात तो सिरोंचाच्या अगदी माथ्यावरून जाईल, कारण या गावाचा अक्षांश आणि स्वातीचं आकाशातलं स्थान जवळपास सारखं आहे. आता पश्चिमेकडे उत्तरा फाल्गुनी शोधा. दोघांना जोडणारी रेषा मनात ओढा. तिच्या मध्याच्या थोडं दक्षिणेला नजर थांबवा. तिथे डोळ्यांना काही विशेष दिसणार नाही. तरीही तिथेच थांबा.

त्या जागी सुमारे दोन हजार तीनशे प्रकाशवर्षांवर एका मेलेल्या ताऱ्याचा गाभा आहे. सूर्याहून कितीतरी जड तारा स्फोटात संपला आणि मागे वीसेक किलोमीटर व्यासाचा गोळा राहिला. त्यात सूर्याहून जास्त द्रव्य ठासून भरलं आहे. असा गोळा म्हणजे न्यूट्रॉन तारा. हा गोळा सेकंदाला सुमारे १६१ वेळा स्वतःभोवती फिरतो आणि प्रत्येक फेरीला त्याची रेडिओ लहर पृथ्वीवरून जाते. अशा ताऱ्याला पल्सार म्हणतात. याचं नाव पीएसआर बी १२५७+१२. आज आपल्यापर्यंत पोचणारा त्याचा ठोका मौर्यांच्या काळात निघालेला आहे.

१९९० मध्ये अलेक्सांडर वॉल्शचान यांनी प्वेर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या दुर्बिणीने हा पल्सार टिपला. त्याचे ठोके कधी किंचित लवकर येत, कधी किंचित उशिरा. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा होता. डेल फ्रेल यांनी पल्सारची आकाशातली जागा काटेकोर मोजून दिली आणि जानेवारी १९९२ मध्ये दोघांनी कारण जाहीर केलं. त्या गोळ्याभोवती ग्रह फिरत होते. सूर्यमालेबाहेरचे पक्के सापडलेले हे पहिले ग्रह. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांना सापडला तो १९९५ मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसाला दुसरीकडचा ग्रह पहिल्यांदा भेटला तो स्मशानात.

ते हजारावे भाग कसे असतात, हे इथे पडल्या पडल्या समजून घेता येईल. पृथ्वीच्या चौपट वजनाचा ग्रह आपल्या ताऱ्याला इकडून तिकडे ओढतो, तेव्हा तो तारा मधल्या बिंदूपासून सुमारे चारशे किलोमीटर सरकतो. सिरोंचाहून रस्त्याने नागपूर गाठायचं तर जवळपास तेवढंच अंतर पडतं. दोन हजार तीनशे प्रकाशवर्षांवरचा तारा सिरोंचा ते नागपूर एवढा हलला, आणि ते माणसाला कळलं. श्वास सोडा. इथे थोडं थांबायला हरकत नाही.

आता अवघड प्रश्न. हे ग्रह स्फोटाच्या आधीचे आहेत की नंतरचे?

आधीचे असते तर काय झालं असतं ते बघा. मधल्या ताऱ्याने निम्म्याहून जास्त वजन एका क्षणात गमावलं, तर त्याची पकड सुटते आणि गोल कक्षेतला ग्रह अंतराळात भरकटतो. एखादा टिकलाच तर त्याची कक्षा लांबट, वेडीवाकडी होते. इथले तीन ग्रह मात्र जवळजवळ गोल कक्षांत फिरतात. फेऱ्या सुमारे २५, ६६.५ आणि ९८ दिवसांच्या. बाहेरच्या दोघांचं गणित जवळपास तीनास दोन: आतला तीन फेऱ्या करतो तोवर बाहेरचा दोन. ते एकमेकांना ओढतात ती ओढही ठोक्यांत मोजता आली, आणि १९९४ मध्ये शंकेला जागा उरली नाही. तिसरा, सगळ्यात आतला, चंद्राच्या दुपटीलाही पोचत नाही. इतकी शिस्त मोडतोडीतून निसटलेल्यांमध्ये सापडत नाही. ती तबकडीत घडलेल्यांची खूण आहे. म्हणजे स्फोटानंतर तिथे पुन्हा एक तबकडी फिरली आणि तिच्यात पुन्हा ग्रह झाले.

ती तबकडी कशाची? फेकलेल्या द्रव्यातलं थोडं परत मागे पडलं असेल, किंवा शेजारचा एखादा जोडीदार तारा फाटून त्याचं द्रव्य भोवती पसरलं असेल. २००६ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला दुसऱ्या एका न्यूट्रॉन ताऱ्याभोवती अशा धुळीची ऊब दिसली, त्यामुळे पहिली शक्यताही हवेतली राहिलेली नाही.

तुम्ही ज्या काठावर पडला आहात त्याने २०२२ च्या जुलैमध्ये मोठा पूर पाहिला. पुष्कर होऊन तीन महिने झाले नव्हते. सिरोंचा तालुक्यातली गावं हलवावी लागली, शेतं पाण्याखाली गेली. पाणी ओसरलं तेव्हा जिथे ते फिरत फिरत मंदावलं, तिथे गाळाचे थर बसले होते. द्रव्य, फिरणं आणि मंदावायला मिळालेला वेळ. न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीही याच तीन गोष्टी लागल्या. तो तारा कोणाला पोसायला बसला नव्हता. त्याचे किरण जीवघेणे आहेत. तरी ते जमलं, आणि जमलेलं टिकलं. मला यात निसर्गाची दया दिसत नाही, त्याचा चिवटपणा दिसतो. एवढं पुरेसं आहे.

आपल्याकडेही हे ठोके ऐकणारी माणसं आहेत. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या तीस अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्यांनी घेतलेल्या पल्सारच्या नोंदी गुरुत्वलहरींच्या शोधासाठी जगभरच्या नोंदींत मिळवल्या गेल्या, आणि २०२३ च्या जूनमध्ये त्याचं फळ दिसलं. ठोका एका निमिषाच्या कितीतरी लहान अंशाने चुकला तरी त्याची विचारपूस करायची, असा तो धीराचा धंदा आहे.

आता मान आग्नेयेकडे वळवा. पलीकडच्या कालेश्वर गावाच्या दिव्यांच्या डाव्या हाताला, प्राणहितेशी संगम झाल्यानंतर गोदावरी जिकडे निघून जाते तिकडे, क्षितिजावर थोडा वर आलेला लालसर तारा ज्येष्ठा. त्याला अगदी लगटून, सुमारे सहा हजार प्रकाशवर्षांवर, एम ४ नावाचा ताऱ्यांचा घनदाट पुंजका आहे. दुर्बीण नसेल तर तो दिसणार नाही; जागा धरून ठेवा. तिथे एक पल्सार आणि त्याच्या जोडीला एक श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या साध्या ताऱ्याचा गाभा, आहे. त्या दोघांभोवती गुरूच्या अडीचपट वजनाचा ग्रह फिरतो. २००३ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून त्याचं वजन ठरलं. वय सुमारे १२७० कोटी वर्षं, म्हणजे सूर्यमालेच्या अडीचपटीहून जास्त. त्या काळात धूळ बनवणारी जड द्रव्यं विश्वात फार थोडी होती, तरी हा झाला. बहुधा साध्या ताऱ्याभोवती झाला, मग तो तारा गर्दीत ओढला गेला आणि पल्सारशी बांधला गेला, फुगला, आपलं द्रव्य देऊन बसला, विझला. ग्रह फिरत राहिला. पहिल्या गोष्टीत ग्रह आपत्तीनंतर जन्मले, इथे एकाने ती अंगावरून जाऊ दिली. मला पहिली जास्त आतून हलवते, पण दोन्ही खऱ्या आहेत.

आणि आपली जन्मखोली तरी कुठे निवांत होती? १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्केच्या पांढऱ्या कणांत ॲल्युमिनियम २६ च्या खुणा १९७६ मध्ये मोजल्या गेल्या. हे द्रव्य दर सात लाख वर्षांनी निम्मं होतं. ते कणांत अडकलं, याचा अर्थ सूर्यमाला आकार घेत असताना ते नुकतंच तयार झालेलं होतं, बहुधा जवळपासच्या जड ताऱ्यांमध्ये. गुरूची ती भरवशाची बारा वर्षांची फेरी अशा शेजारात सुरू झाली.

मध्यरात्र उलटू द्या. विंचवाची नांगी वर येते, तिथे मूळ नक्षत्र. नांगीच्या टोकाच्या थोडं वर एनजीसी ६३५७ नावाचा तेजोमेघ आहे, सुमारे साडेपाच हजार प्रकाशवर्षांवर. तिथले जड तारे अतिनील किरणांचा इतका मारा करतात की कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या तबकड्या झडून जाव्यात असंच वाटावं. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्यातली एक तबकडी तपासली. तिच्या आतल्या भागात, खडकाळ ग्रह बनू शकतात त्या पट्ट्यात, पाण्याची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड आणि ॲसिटिलीन सापडलं. तिथे ग्रह झाले आहेत की नाहीत, हे त्या निरीक्षणात दिसत नाही. कच्चा माल मात्र जागेवर आहे, आणि मारा सुरू आहे. नांगी माथ्याच्या दक्षिणेला येईपर्यंत, म्हणजे अजून दोनेक तास, नजर तिथेच राहू द्या.