हातांचे शिक्षण आणि जन्माची बेडी

बंगळूरमधील राजाजीनगर हा भाग चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या नावाने ओळखला जातो. शाळांतून सर्जनशील व सर्वांगीण शिक्षणाचा पुरस्कार होत असताना राजाजींच्याच एका शिक्षणयोजनेचे स्मरण वाचकांस उद्बोधक वाटेल.

१९५३ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री असताना त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास कमी केले. दोन पाळ्यांमुळे अधिक मुलांची सोय व्हावी आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, असा हेतू होता. पण कुंभाराच्या मुलाने मातीच कालवावी आणि चांभाराच्या मुलाने चामडेच कमवावे, असाच ह्याचा अर्थ नव्हे काय? विरोधकांनी ह्या योजनेला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना रद्द झाली.

मग हातांचे शिक्षणच त्याज्य मानावे काय? तसे नव्हे. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी १८९६ नंतरच्या दुष्काळांतून वाचवलेल्या मुलींना अक्षरांबरोबर विणकाम, शेती व छापखान्याचे काम शिकवले. कोणती मुलगी कोणत्या जातीत जन्मली, ह्यावर तेथे कामाची वाटणी होत नसे. जे हस्तकौशल्य एका योजनेत बेडी ठरू पाहत होते, तेच येथे स्वावलंबनाचे साधन झाले. भेद कामात नसून, ते काम मुलाला कोणत्या कारणाने दिले जाते, ह्यात आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशांच्या सहवासात शिकण्याची कल्पना मांडली आहे. ती स्तुत्य आहे. परंतु गरीब पालक विचारतील, “ह्या मातीतून सुटावे म्हणूनच आम्ही लेकराला शाळेत घातले, तेथेही मातीच काय?” हा आक्षेप न्याय्य आहे. त्याचे उत्तर एकच: कुंभाराच्या मुलाच्या गणितात व भाषेत तसूभरही कपात होता कामा नये, आणि वकिलाच्या मुलीनेही चाकावर बसलेच पाहिजे. सधनांच्या शाळेत कला म्हणजे विरंगुळा आणि निर्धनांच्या शाळेत तीच पोटाची तयारी, अशी विभागणी झाली, तर जुनीच योजना नव्या नावाने परत आली असे समजावे.

नासरेथच्या लोकांनी येशूचे ज्ञान ऐकूनही तो सुतार असल्याकडेच बोट दाखवले. रंधा धरणाऱ्या हाताला विचार करता येतो, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. आपल्या शाळांतील प्रत्येक मुलाने रंधाही धरावा आणि ग्रंथही उघडावा. त्यातले पुढे काय निवडायचे, हे त्याचे त्यालाच ठरवू द्यावे.