बरणीचा विटाळ

स्वच्छता आणि शुद्धता हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. घर स्वच्छ असावे, मन शुद्ध असावे, असे लहानपणापासून ऐकत आल्यामुळे या दोघी सख्ख्या बहिणी आहेत अशीच आपली समजूत असते. त्या खरोखर तशा आहेत काय? हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो लोणच्याच्या एका बरणीने.

लातूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, नांदेडच्या सीमेलगत जळकोट तालुका आहे. त्या भागातील एका खेड्यात, वैशाखातल्या एका सकाळी, आम्ही एका ख्रिस्ती कुटुंबाच्या भेटीला गेलो होतो. ओसरीवर घरातली आजी चिनी मातीची जुनी बरणी धूत बसली होती. वरचा भाग तपकिरी, खालचा पिवळसर पांढरा, अशी ती ओळखीची बरणी. कैरीचे नवे लोणचे घालायचे होते. तळाचा खार तिने लाकडी डावाने खरवडून काढला, कोमट पाणी ओतून बरणी थोडा वेळ तशीच राहू दिली आणि मग नारळाच्या काथ्याने, वस्त्रगाळ राख लावून, आतून हलक्या हाताने घासली. सून तारेची घासणी घेऊन आली, तेव्हा आजीने ती परत पाठवली. तारेने झिलईवर ओरखडे उठतात आणि ओरखड्यात जुना खार दडून बसतो, असे तिने आम्हाला समजावून सांगितले. कढत पाणीही तिला नको होते. गार बरणीत ते एकदम ओतले तर तडा जातो. बरणी धुऊन झाल्यावर तिने बोटाने टिचकी मारली. आवाज खणखणीत आला. बद्द आला असता तर कुठेतरी चीर आहे असे समजायचे, आणि त्या बरणीत लोणचे न घालता डाळ किंवा सुकी मिरची भरायची.

या सगळ्याला तिने दोन तांबे पाणी वापरले. हा मुलूख पाण्याच्या बाबतीत सदा ओढगस्तीचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूर शहराला पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. अशा मुलखात राख आणि ऊन हीच खरी धुणावळ. बरणी दोन दिवस उन्हात वाळणार, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर ती पालथी धरणार, मग लोणचे, वर तेलाचा थर आणि तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा. प्रत्येक कृतीला कारण आहे. साधे मडके आठशे-नऊशे अंश उष्णतेच्या आसपास भाजले जाते आणि सच्छिद्र राहते. म्हणूनच त्यातले पाणी गार होते. ही बरणी बाराशे अंशांच्या वर भाजलेली असते. तेवढ्या उष्णतेत मातीचा काही अंश वितळून काचेसारखा होतो, छिद्रे बुजतात, आणि वरून झिलईचा थर बसतो. त्यामुळे खार, तेल, आंबट असे काही तिच्या अंगात मुरत नाही. मात्र आत ओल राहिली की बुरशी धरते. बरणीला खरे भय आहे ते ओलीचे.

एवढ्यात शेजारची एक बाई काही मागायला आली. आजीला जड बरणी उचलवत नाही असे पाहून तिने हात पुढे केला. सून चटकन म्हणाली, "राहू द्या मावशी, बरणी नासंल." बाईने हात मागे घेतला आणि पदराला पुसला. त्या हाताला काही लागलेले नव्हते.

आजी मात्र सुनेकडे वळली. "बरणीला माणूस कळत नसतंय गं माय. तिला ओल तेवढी कळती. गेल्या साली लोणचं नासलं ते तुझ्या ओल्या चमच्यानं." असे म्हणून तिने त्या बाईलाच बरणी उन्हात नेऊन ठेवायला सांगितले.

वाचकहो, ही बाई कोण होती आणि सुनेच्या मनात काय आले, हे फोड करून सांगण्याची गरज नाही. आपल्या मराठवाड्यातील बहुतेक ख्रिस्ती घरांच्या पूर्वजांनी अस्पृश्यतेचे चटके स्वतः सोसलेले आहेत. तरीही आपल्यातच कोण वरचा, कोण खालचा, ही उतरंड पुरती मोडलेली नाही. बाप्तिस्म्याचे पाणी मस्तकावरून ओघळले. मनात रचलेली मडकी जागची हलली नाहीत.

भांडे विटाळते ही कल्पना फार जुनी आहे. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात, अशुद्ध प्राण्याचे प्रेत मातीच्या भांड्यात पडले तर ते भांडे फोडून टाकावे, असा नियम आहे. लाकडाचे भांडे मात्र पाण्यात घालून चालत असे. पुढे यहुदी परंपरेने दगडाच्या भांड्याला विटाळ लागत नाही असे मानले, आणि येरुशलेमच्या उत्खननांत पहिल्या शतकातील चुनखडी दगडाची भांडी पुष्कळ सापडली आहेत. काना गावच्या लग्नात शुद्धीकरणासाठी ठेवलेले सहा रांजण दगडाचेच होते. प्रत्येकात सुमारे ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावत असे. सोवळ्याच्या त्या पाण्याचा द्राक्षारस झाला आणि तो आल्यागेल्या साऱ्या पाहुण्यांना वाढला गेला, हे आपण वरचेवर वाचतो आणि वाचून पुढे जातो.

आपल्या देशातही हाच क्रम होता. विटाळलेले मडके टाकून द्यायचे, पितळ राखेने उजळायचे. यात थोडे निरीक्षण निश्चित आहे, कारण सच्छिद्र मातीत मुरलेले सहज निघत नाही. परंतु वस्तूच्या गुणावरून बांधलेला नियम माणसाला लावला गेला आणि तेथे अनर्थ झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर ते तळे 'शुद्ध' करण्यासाठी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध व दही त्यात ओतण्यात आले. माणसाने ओंजळीने घेतलेले पाणी अशुद्ध आणि शेण कालवलेले पाणी शुद्ध! स्वच्छता आणि शुद्धता यांची फारकत याहून उघड कोठे दिसेल? स्वच्छतेला कारण विचारता येते आणि ती उत्तर देते. या शुद्धतेला कारण विचारले की ती केवळ रागावते.

हे सर्व चिंतन करीत आम्ही संध्याकाळी घरी परतलो, आणि धर्मग्रामाच्या आमच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळ, खिडकीच्या कट्ट्यावर, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला दिसला. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा तो कप. आम्ही तेथे नऊ वर्षे राहत होतो. स्वयंपाक्याला विचारले. तो म्हणाला, "आधीपासून तसंच हाय, फादर." तो खोटे बोलत नव्हता. कोणी आज्ञा दिली नव्हती. कोणी मनाईही केली नव्हती. मनाई करण्याचे काम आमचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींना टेबलावरच्या कपातून चहा दिला. त्या उभ्याने, अर्धाच चहा प्याल्या. मग तो कप त्यांनी नळाखाली नेऊन दोन वेळा घासला आणि कडेला, बाकीच्या कपांपासून दूर, पालथा ठेवला. आम्ही तो उचलून इतर कपांत मिसळला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले नाही. संकोच दिसला, आणि थोडी भीतीही. नऊ वर्षांचे एका कपात धुऊन निघत नाही, हे आम्हाला त्या वेळी समजले.

लोणच्याचे दिवस पुन्हा येतील. बरणी काढाल तेव्हा ती कोमट पाण्याने, राखेने, काथ्याने जरूर घासा. उन्हात कडकडीत वाळवा. ओला चमचा घालू नका, मग तो कोणाच्याही हातातला असो. आणि तिला झाकण घालण्यापूर्वी आपल्या मागच्या दाराजवळच्या कट्ट्यावर एकदा नजर टाका. तेथे एखादा कप पालथा असेल तर तो आधी आत आणा.